मान वाकडी, पण दोष डोळ्यात

गेल्या पंधरवड्यात ठाणा पेट्रोल पंपाच्या पलीकडील एका गावातून एक आजी आपल्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी सहा वर्षांची. डोके डाव्या खांद्याकडे कललेले आणि हनुवटी किंचित खाली. आजी म्हणाल्या, "सायेब, पोरीची मान वाकडी होऊन राह्यली जी. निजताना आखडली असन. काही तेलबिल लिहून द्या."

मी मुलीचे डोके दोन्ही हातांत धरून डावीकडे, उजवीकडे हलवून पाहिले. मान अगदी मोकळी होती. कुठे दुखत नव्हते, कुठे गाठ नव्हती. मग तिच्या उजव्या डोळ्यावर रुमालाची घडी ठेवली आणि तिला भिंतीवरील कॅलेंडरातील आकडे वाचायला सांगितले. चार-पाच आकडे वाचेपर्यंत मान आपोआप सरळ झाली. रुमाल काढताच डोके पुन्हा खांद्याकडे गेले. आजींना मी म्हटले, "आजी, मानेत काही नाही. दोष डोळ्यात आहे." आजींचा विश्वास बसेना. त्यांचे चुकले नाही. डॉक्टर असूनही एके काळी माझाही बसला नसता.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी त्याच्या मानेला शेक, तेलाची मालीश आणि व्यायाम सांगितला. आठ महिने तो येत राहिला आणि मी तेच सांगत राहिलो. मान मोकळी आहे हे मला हाताला कळत होते, पण "मोकळी मान वाकडी का राहते?" हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. शेवटी नागपूरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या स्नायूचा पक्षाघात ओळखला. मुलाचे आठ महिने वाया गेले ते माझ्यामुळे. म्हणूनच आजच्या लेखात या विषयाची माहिती देत आहे.

डोळा कोण फिरवतो?

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा छोटे स्नायू चिकटलेले असतात. बैलांना जसे कासरे, तसे हे स्नायू. एक खेचला की डोळा आत वळतो, दुसरा खेचला की बाहेर, बाकीचे वर, खाली आणि तिरके फिरवतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू एकाच तालात चालतात, म्हणून दोन डोळे असूनही आपल्याला वस्तू एकच दिसते.

या स्नायूंना मेंदूकडून हुकूम पोहोचवणारे मज्जातंतू तीन आहेत. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ते तिसरे, चौथे आणि सहावे. तिसरा मज्जातंतू सहांपैकी चार स्नायू सांभाळतो, वरची पापणी उचलतो आणि बाहुली लहान करतो. चौथा एकच तिरपा स्नायू चालवतो. सहावा डोळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाकडे वळवतो. यांपैकी एखादा मज्जातंतू किंवा स्नायू दुबळा झाला की डोळ्याचा तोल जातो. त्यालाच डोळ्याच्या स्नायूचा पक्षाघात म्हणायचे. आपल्याकडे लोक "डोळ्याला लकवा मारला" म्हणतात. म्हाताऱ्या माणसांचा लकवा सर्वांना ठाऊक असतो, पण तो दोन वर्षांच्या मुलालाही होऊ शकतो हे पुष्कळांना माहीत नसते.

नेहमीचा तिरळेपणा आणि पक्षाघाताचा तिरळेपणा

तिरळे दिसणाऱ्या प्रत्येक मुलाला पक्षाघात नसतो. काही बाळांच्या नाकाचा वरचा भाग बसका आणि रुंद असतो, त्यामुळे डोळे आत वळल्यासारखे भासतात. हा नुसता भास. समोर हातभर अंतरावर टॉर्च धरली आणि दोन्ही बाहुल्यांवर उजेडाचा ठिपका एकाच जागी पडला, तर डोळे बहुधा सरळ आहेत असे समजावे. अगदी तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून फिरतात, तेही चालते. मात्र डोळा सतत तिरळा राहत असेल, किंवा चार महिन्यांनंतरही फिरत असेल, तर तपासणी हवीच.

मुलांमधील नेहमीच्या तिरळेपणात स्नायूंची ताकद शाबूत असते. मूल कुठेही पाहो, तिरळेपणा जवळजवळ तेवढाच राहतो. पुष्कळदा दूरदृष्टीचा चष्मा लागलेला असतो आणि चष्म्यानेच डोळा बराचसा सरळ होतो. पक्षाघातात तसे नसते. ज्या बाजूला दुबळ्या स्नायूने डोळा न्यायचा, त्या बाजूला पाहताना तिरळेपणा वाढतो आणि उलट बाजूला पाहताना कमी होतो. उजव्या डोळ्याचा सहावा मज्जातंतू लुळा पडलेले मूल उजवीकडे पाहू लागले, की डावा डोळा वळतो आणि उजवा मध्येच अडतो.

मोठ्या माणसाला असे झाले तर "मला एकाचे दोन दिसतात" असे तो लगेच सांगतो. लहान मूल सांगत नाही. त्याचा मेंदू वाकड्या डोळ्याकडून येणारे चित्र सरळ बंद करून टाकतो. किंवा मूल मान अशा कोनात धरते की त्या कोनात दोन्ही डोळे जुळतील. म्हणजे वाकडी मान हा मुलाने स्वतः शोधलेला उपाय असतो. त्याला "मान सरळ ठेव" म्हणून दटावणे म्हणजे लंगड्याची काठी काढून घेणे होय.

कोणता मज्जातंतू, कशी खूण

सहावा दुबळा असेल तर डोळा नाकाकडे वळतो, बाहेर जात नाही आणि मूल दुखऱ्या डोळ्याच्याच बाजूला तोंड वळवून समोर पाहते.

चौथा दुबळा असेल तर तो डोळा किंचित वर चढतो आणि मूल डोके उलट्या खांद्याकडे कलते करते. वर सांगितलेल्या मुलीचा उजवा डोळा दुबळा होता, म्हणून डोके डावीकडे. डॉक्टर डोके मुद्दाम एका आणि मग दुसऱ्या खांद्याकडे कलवून डोळा किती वर जातो ते पाहतात. ही तपासणी जर्मन नेत्रतज्ज्ञ बिल्शॉव्स्की यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मुलांमधील चौथ्याचा दोष बहुधा जन्मजात असतो. आजींना मी घरातील जुने फोटो आणायला सांगितले. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोतही मुलीचे डोके डावीकडेच कललेले होते. घरातील सर्वांनी तो फोटो शंभरदा पाहिला होता. जुन्या फोटोंचा असा उपयोग होतो. दोष जुना ठरला की निम्मी काळजी मिटते.

तिसरा पूर्ण लुळा पडला तर पापणी खाली पडते, डोळा बाहेर आणि खाली जातो आणि बाहुली मोठी होऊ शकते. अशी पापणी अचानक पडली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

सहाव्याच्या पक्षाघातासारखा दिसणारा एक जन्मजात दोष आहे, त्याला डुएन दोष म्हणतात. तो डाव्या डोळ्यात आणि मुलींमध्ये जास्त आढळतो. डोळा बाहेर जात नाही आणि आत वळताना पापण्यांमधील फट अरुंद होते. ही फट पाहिली की अनुभवी डॉक्टर दोष ओळखतात. समोर पाहताना डोळे सरळ असतील आणि मान वाकडी होत नसेल, तर याला बहुधा काहीच करावे लागत नाही.

कारणे साधी आणि गंभीरही

जन्मजात दोष सोडले तर मुलांमध्ये मुख्य कारण डोक्याला मार लागणे. झाडावरून, बंडीवरून, मोटारसायकलवरून पडलेल्या मुलाचे डोळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावेत.

काही मुलांना सर्दी-तापाच्या साथीनंतर एक ते तीन आठवड्यांनी सहाव्या मज्जातंतूचा पक्षाघात होतो आणि तो काही महिन्यांत आपोआप बरा होतो. पण "तापानंतरचा आहे, जाईल" हे पालकांनी किंवा माझ्यासारख्या डॉक्टरनेही घरबसल्या ठरवू नये. इतर गंभीर कारणे तपासून बाजूला सारल्यावरच हे निदान करता येते.

त्या गंभीर कारणांत पहिले म्हणजे डोक्यातील दाब वाढणे. सहावा मज्जातंतू मेंदूच्या तळाशी लांबचा प्रवास करतो, त्यामुळे दाब वाढला की तो ताणला जातो. काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांचा एक मुलगा आला. डोळा आठ दिवसांपासून आत वळलेला. वडील म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात दाखवलं, नंबर नाही म्हणाले." मी विचारले, "डोकं दुखतं का? कधी दुखतं?" आईने सांगितले की सकाळी उठल्यावर दुखते, उलटी झाली की बरे वाटते, मग शाळेत जातो. सकाळची डोकेदुखी, उलटी आणि आत वळलेला डोळा हे तिन्ही एकत्र ऐकल्यावर मी त्यांना घरीही जाऊ दिले नाही, थेट नागपूरला पाठवले. मेंदूच्या मागील भागात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. मुलगा आज शाळेत जातो. डोळा थोडा आत राहिला आहे, त्याचे पुढे बघता येईल. आणखी महिनाभर चष्मा शोधत बसले असते तर काय झाले असते, हे मी त्या आईला कधी बोललो नाही.

दुसरे कारण म्हणजे क्षयरोगाचा मेंदूज्वर. दोन-तीन आठवड्यांपासून बारीक ताप, मूल चिडचिडे, वजन उतरलेले, अधूनमधून उलटी, आणि मग डोळा वाकडा. घरात कोणाला क्षय झालेला असेल तर संशय अधिक. जन्मतः दिलेली बीसीजी लस या भयंकर प्रकारापासून मुलांचे बरेच संरक्षण करते, पण पूर्ण नाही. क्षयावरील औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. येथे एकेक दिवस मोलाचा असतो.

तिसरे, फुटलेला कान. कानातून पू येतो, डोळ्यामागे दुखते आणि डोळा बाहेर जात नाही, असे असेल तर संसर्ग कानामागील हाडात खोलवर गेलेला असू शकतो. कानात गरम तेल घालत बसू नये.

चौथे, स्नायू थकण्याचा आजार, ज्याला मायस्थेनिया म्हणतात. सकाळी मूल बरे असते, संध्याकाळी पापण्या जड होतात, डोळा कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. बंद पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवली की पापणी उचलली जाते, यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. यावर चांगली औषधे आहेत.

आणखी एक गोष्ट. नुकताच तिरळा झालेला डोळा, आणि रात्री किंवा फोटोत बाहुलीत पांढरी चमक, ही डोळ्यातील कर्करोगाची खूण असू शकते. म्हणून कोणत्याही कारणाचा तिरळेपणा असो, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा एकदा तपासून घ्यावाच.

पहाटे पडलेल्या पापण्या

आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात साप घरात येतात. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही, कधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते, उलटी करते आणि त्याच्या दोन्ही पापण्या मिटू लागतात. घरचे म्हणतात, झोप अपुरी झाली असेल. वास्तविक हा डोळ्यांच्या स्नायूंचा पक्षाघातच असतो आणि तो तेथे थांबत नाही. गिळण्याचे, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

अशा वेळी झाडफूक, मंत्र, ब्लेडने चीर, घट्ट दोरी, यांत एक मिनिटही घालवू नये. मुलाला हालचाल करू देऊ नये, एका कुशीवर ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष व कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वेळेवर श्वासाला आधार मिळाला तर अशी मुले पूर्ण बरी होतात आणि पापण्याही पूर्ववत उघडतात. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

उपचार कसे होतात

पहिला उपचार मूळ कारणाचा. गाठ, संसर्ग, दाब जे असेल त्याचा.

दुसरा उपचार नजर वाचवण्याचा, आणि पालक नेमके येथेच कंटाळतात. मेंदूने ज्या डोळ्याचे चित्र बंद केले, त्या डोळ्याची नजर वाढत नाही. डोळा वरून चांगला दिसतो, पण चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. यावर उपाय म्हणजे चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकायचा आणि दुबळ्याला कामाला लावायचे. पूर्वी दिवसभर पट्टी बांधत. अमेरिकेतील मुलांच्या पाहणीवरून २००३ मध्ये दिसून आले की मध्यम दोषाला रोज दोन तास पट्टीही सहा तासांइतकीच उपयोगी पडते. किती तास ते आपल्या नेत्रतज्ज्ञांनी ठरवावे. काही मुलांना पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब देतात. वय जितके लहान तितका फायदा जास्त, सात वर्षांच्या आत उत्तम. त्यानंतरही प्रयत्न सोडू नयेत, मोठ्या मुलांतही काही सुधारणा होते.

तिसरा टप्पा वाट पाहण्याचा. मारामुळे किंवा तापानंतर झालेला पक्षाघात सुधारण्याची शक्यता असते, म्हणून साधारण सहा महिने थांबतात. तोवर पट्टी किंवा खास काच बसवलेला चष्मा देऊन दोन-दोन दिसणे टाळतात. काही मुलांना विरुद्ध बाजूच्या स्नायूत बोट्युलिनम औषधाचे इंजेक्शन देतात. सुरकुत्या घालवण्यासाठी आज जे ‘बोटॉक्स’ प्रसिद्ध आहे, ते मुळात सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी वापरात आणले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

शेवटचा उपाय शस्त्रक्रिया. तिचे नाव काढले की आया रडतात. "साहेब, डोळा बाहेर काढून परत बसवतात ना?" असे मला अजूनही विचारले जाते. तसे काहीही नसते. डोळा जागेवरच राहतो. बाहेरील पातळ आवरण उघडून एखादा स्नायू सैल करतात, एखादा आखूड करतात, किंवा चांगल्या स्नायूची जागा बदलून दुबळ्याला मदत देतात. पहिली अशी शस्त्रक्रिया १८३९ मध्ये बर्लिनचे डॉ. डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या एका मुलावर केली, तेव्हा भूलही आली नव्हती. आज मुलाला पूर्ण भूल देऊन ती होते. मात्र दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. लुळ्या स्नायूत नवी ताकद येत नाही, समोर पाहताना आणि वाचताना डोळे जुळावेत हा हेतू असतो. आणि काहींना दुसऱ्यांदाही शस्त्रक्रिया लागते. चष्मा लागत असेल तर तो नंतरही लागतो.

आपल्या भागात कुठे जावे

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि आपली शंका पथकातील डॉक्टरांना स्वतः सांगावी. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नेत्रविभाग आहे. पुढील तपासासाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स आहे. शस्त्रक्रिया ठरली तर ती सरकारी योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शिधापत्रिका आणि मुलाचे आधार कार्ड जवळ ठेवावे.

एवढे लक्षात ठेवा

डोळा अचानक तिरळा झाला, पापणी अचानक पडली, सोबत डोकेदुखी, उलटी, ताप, गुंगी किंवा चालताना तोल जाणे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूल नेहमी मान वाकडी करून पाहत असेल, टीव्ही पाहताना किंवा उन्हात एक डोळा मिटत असेल, तर आठवड्याभरात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. तिरळेपणा शुभ असतो, वयात आल्यावर जातो, असे कोणी सांगितले तर ऐकून घ्यावे आणि तरीही दाखवावे. मुलाला ‘चकण्या’ म्हणून हाक मारू नये आणि कोणाला मारूही देऊ नये.

त्या आजी काल पुन्हा आल्या होत्या. नागपूरच्या तपासणीत चौथ्या मज्जातंतूचा जन्मजात दोष पक्का झाला. नजर दोन्ही डोळ्यांची चांगली आहे, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. निघताना आजींनी विचारले, "मंग आता मानेले तेल लावाचं का नाही जी?" मी म्हटले, "आजी, लावा. तेलाने काही बिघडत नाही. फक्त तारीख चुकवू नका."